पंजाबदादाची उतरण

लोणार, ९ डिसेंबर १९३६

डॉक्टरांनी आज ही वही दिली. म्हणाले, "तुळशीराम, चौथीपर्यंत शिकला आहेस ना? मग पेट्यांतल्या प्राण्यांचं रोज लिहीत जा. दिसेल ते लिही. वाटेल ते लिहू नको."

पुढून दिसेल ते लिहिणार. वही उलटी धरली की मागून हे. वाटेल ते कुठंतरी लिहायलाच पाहिजे, नाहीतर डोकं फुटायची पाळी येते.

घर दैत्यसूदनाच्या देवळामागं, गावाच्या टोकाला. वारा फिरला की खालच्या तळ्याचा खारा, कुजका वास घरात भरतो. माणसं तीन: डॉक्टर वामनराव, स्वयंपाकाच्या सोजराबाई आणि मी. बाकी पाली आणि सापसुरळ्या.

डॉक्टर समजतात मी कामाला आलो. मी पाहायला आलो आहे. खामगावच्या कापसाच्या जिनात असताना मोटरीच्या क्लीनरनं सांगितलं होतं, लोणारात विलायतेहून आलेला एक डॉक्टर आहे, तो तुटलेल्या शिरा पुन्हा वाढवतो. त्याच दिवशी जिन सोडलं. तसा मी कुठंच टिकत नाही, पण या वेळी कारण होतं. भादव्यात माझा मोठा भाऊ पंजाबदादा आमच्या नागवेलीच्या पानमळ्यात शिडीवरून पडला. वेल चढवायच्या शेवरीच्या झाडांच्या फांद्या छाटत होता. पाठ पाटाच्या दगडावर आपटली. तेव्हापासून कमरेखाली दादा आहे आणि नाही.

डॉक्टरांना यातलं काही सांगितलं नाही. ज्याला शिरा वाढवता येतात तो माणूस मुंबई-नागपूर सोडून लोणारात कशाला बसेल? काहीतरी झाकून ठेवलं आहे. आधी कसं करतो ते पाहायचं, शिकायचं, आणि गुपचूप घरी न्यायचं.

१४ डिसेंबर

आज विवरात उतरून सापसुरळ्या धरल्या. एकीची शेपटी माझ्या हातात राहिली आणि ती पळाली. तुटलेली शेपटी हातात नाचत होती. मी टाकून दिली. डॉक्टर हसले, पहिल्यांदाच. म्हणाले, "घाबरू नको. तिला नवी येईल. शेपटीत मज्जारज्जू असतो, तो पण नवा येईल."

मज्जारज्जू म्हणजे पाठीच्या कण्यातली दोरी. डोक्याचा हुकूम तिच्यातून पायांपर्यंत जातो म्हणे.

मी विचारलं, "माणसाची तुटली तर?"

डॉक्टर उतारावर थांबले. दम लागला असं दाखवलं. मग म्हणाले, "माणसाला शेपटी नसते." आणि चालू लागले. हे काय उत्तर झालं?

मला मात्र एक गोष्ट एकदम समजली. आमच्या पानमळ्यात वेल शेवरीच्या शेंड्याला पोचली की तिची उतरण करतात. सगळी वेल खाली ओढायची, जुना पिवळा भाग वेटोळं करून मातीत गाडायचा, फक्त शेंडा वर ठेवायचा. गाडलेल्या पेरापेरातून मुळं फुटतात आणि वेल नव्यानं चढते. मोडलेल्या वेलीसुद्धा मी अशा उठताना पाहिल्या आहेत. पालीची शेपटी आणि आमची वेल एकच गोष्ट. डॉक्टर जे विलायतेत शिकले ते आमच्या आज्याला येत होतं.

२७ डिसेंबर

आज त्यांनी एका सापसुरळीला औषध हुंगवलं. ती निपचित झाल्यावर पाठीवर लहानशी चीर देऊन आतली दोरी कापली आणि रेशमानं शिवलं. हात एवढा हलका की मला पाहताना भीती वाटली नाही. भीती नंतर वाटली. शुद्धीवर आल्यावर ती पुढच्या दोन पायांवर सरकायला लागली आणि मागचे दोन नुसते ओढत नेत होती. दादा खाटेवर तांब्यासाठी असाच सरकतो.

मी परसात गेलो. तोंड धुऊन परत आलो तर डॉक्टर दारात उभे. "घरी कोणाला झालंय?" असं विचारलं. कोणाला काही झालंय का, असं नाही विचारलं. कोणाला झालंय, असं.

मी म्हणालो, कोणाला नाही.

यांना कळलं कसं?

३ जानेवारी १९३७

सोजराबाईंनी घात केला. चुलीपाशी बसून गोड बोलून माझ्याकडून सगळं काढलं आणि भाकरी वाढताना डॉक्टरांना सांगून टाकलं.

मी भांडलो. त्या म्हणाल्या, "मंग का झालं? दवाखान्यातला डागदर भेटत नाई लोकायले, तुले घरातला भेटला. लपवून राह्यला काऊन? चोरी केली का तुह्या भावानं?"

डॉक्टरांनी दादा कसा पडला हे विचारलंच नाही. टाचा लाल आहेत का? ढुंगणावर कातडी कशी आहे? कुशीवर कोण वळवतं, कितीदा? लघवीला वास येतो का? बाजारात बैलाची शेपटी उचलून पाहतात तसं एकेक. मला लाज वाटली आणि संतापही आला. पायांचं विचारा ना, पाय गेलेत त्याचे. कातडीचं काय घेऊन बसलात?

शेवटी म्हणाले, "त्याला इकडे आणता येईल का? मागची खोली रिकामी आहे."

आता समजलं. पाली झाल्या, सापसुरळ्या झाल्या. आता यांना माणूस पाहिजे.

११ जानेवारी

मागच्या खोलीला कायम कुलूप असतं. सोजराबाईंना झाडायलाही जाऊ देत नाहीत, स्वतः झाडतात. आज डॉक्टर मेहकरला गेले तेव्हा खिडकीच्या फटीतून पाहिलं.

लोखंडी खाट. तिच्यावर रबराची, हवा भरायची गादी. खाटेच्या वर आढ्याला दोर बांधलेला, त्याला लाकडी मूठ. सायकलची चाकं लावलेली एक खुर्ची. खाटेखाली तपकिरी बूट. बुटांवर मुद्दाम लिहितो, कारण त्यांनी माझं डोकं खाल्लं आहे. एक उभा होता, एक आडवा पडलेला. वरचं कातडं घालून घालून सुरकुतलेलं, नाडी मळलेली. आणि आडव्याचा तळ दिसत होता तो कोरा. दुकानातला शिक्का तसाच. बूट कोणीतरी पुष्कळ दिवस घातलेत आणि त्यात एक पाऊल चाललं नाही. असं कसं होतं?

सगळी तयारी आहे. खाट आहे, दोर आहे. फक्त दादा नाही.

२४ जानेवारी

सापसुरळ्यांच्या पेट्यांत डॉक्टर ओली माती घालतात आणि खाली कंदील ठेवतात. आज विचारलं, हे कशासाठी. म्हणाले, "ऊब. ऊब असली की शेपूट लवकर वाढते, थंडीत वाढ थांबते." बोलता बोलता निसटलं त्यांच्या तोंडून.

माती आणि ऊब. म्हणजे उतरणच झाली. बाकी काचा, भिंगं, शिरा रंगवायचं चांदीचं पाणी, हे सगळं लोकांना भुलवायला.

ता. क. संध्याकाळी आणखी मोठं झालं. पाठ कापलेली जी सापसुरळी होती, तिला पेटीतून काढताना तिचा मागचा पाय हलला. मी ओरडलो. डॉक्टर आले, पण त्यांना आनंद झाला नाही. चिमट्यानं तिच्या मागच्या पायाचं बोट दाबलं. पाय झटकन मागं गेला.

"पाहिलंत? आला पाय."

"तोंडाकडे पाहा तिच्या," ते म्हणाले. पुन्हा दाबलं. पाय उडाला, तोंड तसंच. मग पुढच्या पायाचं बोट दाबलं तर तिनं वळून चावायला तोंड उघडलं. "मागचा पाय आपोआप उडतो. तिला त्यातलं काही कळत नाही. खबर वरपर्यंत जातच नाही."

पाय हलतो आणि म्हणे हलत नाही. डोळ्यादेखत खोटं. दिसेल ते लिही म्हणतात, तर मी वहीत पुढून लिहिलं: मागचा पाय हलला. त्यांनी त्याखाली लाल शाईनं लिहिलं: तोंड वळलं नाही.

१२ फेब्रुवारी

सामान आणायला बीबी गावच्या बाजाराला गेलो होतो. तिथं आमच्याकडचा पानाचा व्यापारी डालग्या उतरवताना भेटला. म्हणाला, "काबे तुळश्या, तू इकडं माशा मारून राह्यला अन् तिकडं तुह्या भावाचा पाय हालला ना. सोता तुह्या मायनं, मनकर्णाबाईनं पाह्यला. देवीले चोळीबांगडी करून आली."

लोणारपर्यंत पळतच आलो. डॉक्टरांना काही बोललो नाही. ते म्हणणार, तोंड वळलं का?

८ मार्च

उतरणीचे दिवस आले, घरी माणूस पाहिजे म्हणून रजा मागितली. लगेच दिली. मग स्वतः त्या खोलीत गेले आणि मोटरच्या ट्यूबसारखं एक रबरी कडं घेऊन आले. "हे त्याच्या बसण्याखाली ठेवायचं. दर दोन-तीन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. टाचा रोज डोळ्यांनी पाहायच्या. आणि तुळशीराम, शेक द्यायचा नाही. वीट नाही, निखारे नाहीत, गरम पाणीसुद्धा आधी आपल्या कोपरावर बघायचं. त्याला भाजलेलं कळणार नाही. म्हण पाहू परत."

मी पाठ म्हणून दाखवलं. शाळेत कवितासुद्धा एवढी चोख म्हटली नव्हती.

पण रस्त्याला लागताना विचार केला. स्वतः पेटीखाली कंदील ठेवतो आणि मला सांगतो ऊब देऊ नको. ऊब दिली तर दादा बरा होईल आणि यांच्या हातून माणूस जाईल, म्हणून ना? ते कडं सोजराबाईंच्या सरपणामागं ढकललं आणि मोटरीत बसलो.

घरी, १३ मार्च

मेहकर, खामगाव, आगगाडीनं नांदुरा, मग पूर्णा उतरून बैलगाडी. हाडं खिळखिळी झाली.

दादा वाळला आहे, पण जीभ तीच आहे. मला पाहून म्हणाला, "आले का डॉक्टर तुळशीराम. काय आणलं, पालीची शेपूट?"

मायनं लगेच पांघरूण सारून पाय दाखवला. तळव्याला गार पाणी लावलं की पाय उडतो. खरंच उडतो. माय रडली. कोकिळावहिनी कोपऱ्यात पान पुसत होती, तिनं वर पाहिलं नाही.

वहिनी दादाला सारखी या कुशीवरून त्या कुशीवर करते. मी विचारलं, हे कोणी सांगितलं? "कोनी कायले सांगाव लागते, भाऊजी? लाल होते ना एका जागी. दिसते."

१७ मार्च

उकंडरावकाकांना सगळं समजावून सांगितलं. त्यांचा मळा आमच्या कुडाला लागून आहे आणि त्यांच्या शब्दाला माय मान देते. पेटी, माती, ऊब, हललेला पाय. काका बराच वेळ सुपारी कातरत बसले. मग म्हणाले, "वेलीची जात अन् मानसाची जात येगळी असन. पन पाय हालला म्हणजे आत जीव आहे. जीव आहे तं गाडून पाह्याले हरकत काय?"

उद्या.

१८ मार्च

झालं.

वेलींच्या दोन ओळींमधली चारी रुंद केली. दादाला चौघांनी उचलून आणलं. मळ्याच्या तोंडाशी सगळ्यांनी वहाणा काढल्या. दादा म्हणाला, "माह्या कोन काढन?" सगळे हसले.

टेकून बसेल असा उतार ठेवला. खाली गावतळ्यातला गाळ, वर खत. मुरलेलं खत थंड असतं, म्हणून मी गोठ्यामागचं कच्चं आणलं, हात घातला की वाफ लागते ते. माय म्हणाली, "कच्चं खत काऊन रे? वेलीची मुळी जळते त्यानं."

"वेल कोवळी असते, माय. त्याले ऊब पाह्यजे."

कमरेपर्यंत भरलं. दादा मान टेकवून वर वेलींकडे पाहत होता. म्हणाला, "मले रोपून राह्यला का बे? पानं आली तं दोन कवळ्या तुह्या डॉक्टरले पाठव."

"गरम लागते का?"

"मले काय लागते? छातीपाशी उबारा येते, बरं वाटते."

होळीला काढायचं ठरलं. वहिनीनं फक्त एवढं विचारलं, "अन् कूस?" मी म्हणालो, गाडलेल्या वेलीला हलवत नाहीत.

१९ मार्च

खताखाली पाय उडतात, वरची माती तडकते. गावातली माणसं पाहायला येतात. मायनं गूळ वाटला. माझ्याकडे सगळे वेगळ्याच नजरेनं पाहतात. मी गावात एवढा कधीच कोणी नव्हतो.

२१ मार्च

दादाला सकाळपासून हुडहुडी. मी म्हणालो ऊब आत शिरते आहे. वहिनी वाकून हातानं खत उपसायला लागली. मी तिचा हात धरला. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी सोडला.

काय निघालं ते लिहायचं नाही असं ठरवलं होतं. दिसेल ते लिही. तर लिहितो. टाचा काळ्या. मांड्यांच्या मागची कातडी खताबरोबर सुटून आली. माकडहाडाजवळ खड्डा. आणि दादा वर आमच्या तोंडांकडे पाहून विचारत होता, "काय झालं? काऊन गप झाले सारे?" त्याला काहीच दुखत नव्हतं.

पानांच्या डालग्यांच्या दोऱ्या कापून त्यांची झोळी केली आणि त्याला घरी आणलं. माय दाराशीच खाली बसली.

मग वहिनीनं मला ओसरीवर बोलावलं. "त्या डॉक्टरनं काय सांगतलं होतं? सारं सांगा. एक शब्द गाळू नका."

मला तोंडपाठ होतंच. कडं, कूस, टाचा, शेक नाही, वीट नाही, निखारे नाहीत, त्याला भाजलेलं कळणार नाही. मी म्हणत गेलो. म्हणताना माझ्याच कानांना ऐकू येत होतं.

वहिनी म्हणाली, "हे त्याईनं सांगतलं होतं."

"हाव."

"अन् तुमी आमाले सांगतलं नाई."

"मले वाटलं तो लपवून राह्यला—"

"लपवलं कोनं, भाऊजी?"

मग ती म्हणाली, "जा. घेऊन या त्याले."

मी म्हणालो, तो दादाला त्या खोलीत नेईल, कापील. वहिनी म्हणाली, "आता कापायचं काय राह्यलं?"

लोणार, २३ मार्च

रस्ताभर शब्द जुळवत आलो. डॉक्टर पेट्यांपाशी होते. मी उभ्यानंच सगळं सांगितलं, कच्च्या खतापर्यंत. वाटलं आता मारतील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी चष्मा काढला, पुसला, घातला. "ताप किती दिवस?" एवढंच. मग कुलूप काढलं. रबराची गादी गुंडाळली, औषधांची पेटी भरली, पट्ट्यांचं कापड. सोजराबाईंनी सरपणामागून ते कडं आणून माझ्या हातात दिलं. त्यांना पहिल्यापासून माहीत होतं वाटतं.

निघताना डॉक्टरांनी सगळ्या सापसुरळ्या पेट्यांसकट परसात नेऊन सोडून दिल्या. हिवाळाभराचं काम. मी विचारलं, हे काय करता? "परत कधी येऊ कोण जाणे. उपाशी मरतील," म्हणाले.

तरी एक प्रश्न सुटत नाही. कोणाच्या भावासाठी माणूस एवढं का करेल? यात त्यांना काय मिळतं?

घरी, ४ एप्रिल

होळीच्या दिवशी पोचलो. तेव्हापासून डॉक्टर आमच्या ओसरीवर राहतात. मेलेली कातडी कापतात, मिठाच्या पाण्यानं धुतात, पट्टी बांधतात. वहिनी त्यांच्या हाताखाली. मला पाणी उकळायचं काम. उकंडरावकाका दोन दिवस तोंड लपवून होते. मग एक दिवस कापूस पिंजून घेऊन आले आणि दारातच ठेवून गेले.

ताप कालपासून उतरला. आज दादा म्हणाला, "साहेब, एक इचारतो. मले बरं वाटावं म्हणून बोलू नका. मी चालीन का नाई?"

माय तिथंच होती. डॉक्टर म्हणाले, "नाही."

मला राहवलं नाही. "मंग त्या पाली कायले कापता? इतके वर्षं?"

"पालीला जमतं ते आपल्याला का जमत नाही, हे माहीत नाही म्हणून." पट्टीची गाठ मारत ते बोलत होते. "आपल्या हयातीत कळेल असंही मी म्हणत नाही. पण पंजाबराव, जखमा भरल्या आणि परत होऊ दिल्या नाहीत, तर पुष्कळ वर्षं जगाल. ते मात्र जमतं. माझ्याकडून एकदा जमलं नव्हतं."

शेवटचं वाक्य कोणाला म्हणाले कळलं नाही. ते त्या कड्याकडे पाहत होते.

दादानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "भादव्यापासून एक तरी मानूस सिद्धा बोलला." आणि भिंतीकडे तोंड केलं.

डॉक्टर नदीवर गेल्यावर त्यानं मला जवळ बोलावलं. "तुळश्या, बोटाले चिमटा घे. जोरानं. माय म्हणते पाय येऊन राह्यला. मले पाह्याचं आहे."

मी अंगठा दाबला, नख उमटेल इतका. पाय झटकन उडाला, खाट हलली. मी दादाच्या तोंडाकडे पाहिलं. तो आढ्याकडे पाहत होता, वाट पाहत होता.

म्हणाला, "घेतला का बे?"

३० मे

बरेच दिवस लिहिलं नाही. मांड्यांच्या जखमा भरल्या. माकडहाडाची भरते आहे, चवलीच्या नाण्याएवढी उरली. टाचांना नवी कातडी आली, पातळ, कांद्याच्या पापुद्र्यासारखी. मी खामगावला गेलो नाही, कुठंच गेलो नाही. कूस बदलायची रात्रीची पाळी माझी आहे.

डॉक्टर मधे लोणारला जाऊन आज परत आले. गाडीतून चाकाची खुर्ची उतरवली. आणि ते बूट.

"टाचा सांभाळायला," म्हणाले. "आत कापूस घातला आहे. त्याला थोडे सैल होतील. माझ्या मुलाचे आहेत." मी विचारणार होतो, मग त्याला नको का? वहिनीनं माझ्या पायावर पाय दिला.

दादाला खुर्चीत बसवलं, बुडाखाली कडं. बूट घातले, नाड्या मीच बांधल्या. तो म्हणाला, मळा दाखवा. उतरण करून दोन महिने झाले, वेली चढल्या का पाहू.

मळ्याच्या तोंडाशी सगळे थांबले. डॉक्टरांनी आपले जोडे काढून कुडाशी ठेवले, ते त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. पण दादाच्या पायांत बूट. मळ्यात चामडं नेत नाहीत. वेल बाटते. आमच्या आज्यानं इंग्रज साहेबालासुद्धा जाऊ दिलं नव्हतं. आणि बूट काढले तर उतारावर टाच घासणार. उकंडरावकाका मायकडे पाहायला लागले, मी मायकडे, दादा आपल्या पायांकडे.

माय पुढं आली. खाली बसली आणि दादाचा पाय उचलून बुटाचा तळ पाहिला. मग दुसरा पाहिला. बोट फिरवलं तळावरून.

"या जोड्यानं कुठी जमीन पाह्यली?" माय म्हणाली. "यायले काऊन अडवाचं? जाऊ द्या."

डॉक्टर आमच्याकडे पाठ करून वेलींकडे वळले. पहिल्या ओळीतल्या एकाच वेलीकडे पाहत राहिले. तिच्यात पाहण्यासारखं काही नव्हतं. नवा शेंडा, तीन पानं.

मी खुर्चीच्या मागं उभा होतो. हलू का नको कळेना.

"ढकल ना बे," दादा म्हणाला. "त्याईले उभं राहू दे. आपन पुढं जाऊ."